जुन्या शहराचा बाजार कशाने मोजावा? : किरकोळ व्यापारमापनाच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा (विशेष संदर्भ – जुने शहर, अकोला)

प्रस्तावना

अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनाला जेवढे महत्त्व प्राप्त झाले, तेवढे एखाद्या गावाच्या, पेठेच्या किंवा मोहल्ल्याच्या आर्थिक सामर्थ्याच्या मापनाला मिळाले नाही. राष्ट्राचे व राज्याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, जिल्ह्याचे आकडे अंदाजाने काढले जातात. परंतु जिल्ह्याच्या खाली उतरताच आकड्यांची वाट संपते. शहरातील एका भागात किती रुपयांचा माल विकला जातो, त्यातील किती पैसा त्या भागात राहतो आणि किती बाहेर जातो, या प्रश्नांची उत्तरे बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात. ‘तिकडे आता धंदा राहिला नाही’ किंवा ‘तो बाजार जोरात आहे’ अशी विधाने मग बँकेच्या कर्जनिर्णयापासून रस्त्याच्या रुंदीकरणापर्यंत सर्वत्र पुराव्याचे काम करतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, काही सुटसुटीत पद्धती विकसित झाल्या. रायलीचा किरकोळ व्यापाराचा गुरुत्व नियम, आकर्षण गुणक, स्थाननिष्ठता गुणांक व स्थानिक गुणक या त्यांपैकी प्रमुख होत. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या लघुशोधप्रबंधांतून त्यांचा वापर आपल्याकडेही होऊ शकतो. प्रस्तुत लेखात अकोला येथील जुने शहर हा भाग समोर ठेवून या पद्धतींची चिकित्सा केली आहे. या पद्धती गणिताच्या दृष्टीने चुकीच्या आहेत असे लेखाचे म्हणणे नाही. त्या ज्या गृहीतांवर उभ्या आहेत ती गृहीते जुन्या शहरासारख्या वस्तीत टिकतात काय, हा येथील मूळ प्रश्न आहे.

जुने शहर : क्षेत्राची पार्श्वभूमी

मोर्णा नदीने अकोला शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिम तीरावर असदगड किल्ला, ग्रामदैवत श्री राजराजेश्वराचे मंदिर, जयहिंद चौक, हरिहर पेठ व डाबकी रोड हा जुन्या शहराचा परिसर आहे. पूर्व तीरावर ताजनापेठ व तिच्याभोवती वाढलेला नवा भाग आहे. इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्या व युरोपीय अधिकाऱ्यांचे बंगले पूर्वेस उभे राहिले. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यानंतर कापसाचा व्यापार रेल्वे स्थानकाच्या ओढीने त्याच बाजूस एकवटत गेला. १९०१ च्या जनगणनेत अकोल्याची लोकसंख्या २९,२८९ होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ४.२६ लाखांवर पोहोचली. या शतकभरात शहराचा ठोक व्यापार नदीच्या पूर्वेस स्थिरावला, तर पश्चिमेस प्रामुख्याने चिल्लर व्यापार, कारागिरी व दैनंदिन गरजांची दुकाने राहिली.

बाजाराची मोजदाद ही वऱ्हाडला नवी गोष्ट नाही. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. वजन, दर, अडत व दलाली यांवर देखरेख ठेवून व्यवहाराची नोंद करण्याची प्रथा येथे शतकाहून अधिक काळ रूढ आहे. मात्र ही नोंद शेतमाल विकणाऱ्याच्या बाजूची आहे. तो माल विकून हाती आलेल्या पैशातून शेतकरी, मजूर किंवा हमाल जो किराणा, कापड व औषधे खरेदी करतो, त्या खरेदीची नोंद ठेवणारी यंत्रणा कधी उभी राहिली नाही. येथे विचारात घेतलेला प्रश्न या दुसऱ्या बाजूचा आहे.

गुरुत्व नियम व त्याची मर्यादा

विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दोन शहरे त्यांच्या मधल्या गावातील ग्राहकांना लोकसंख्येच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आकर्षित करतात. पुढे पॉल कॉन्व्हर्स यांनी या नियमावरून दोन शहरांच्या व्यापारक्षेत्रांची सीमा काढण्याचे सूत्र दिले. हे सूत्र अकोला व अमरावती यांना लावून पाहणे उद्बोधक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६.४७ लाख होती. दोन्ही शहरांतील रस्त्याचे अंतर सुमारे ९५ किलोमीटर धरले, तर सीमाबिंदू अकोल्यापासून सुमारे साडेबेचाळीस किलोमीटरवर, म्हणजे मूर्तिजापूरच्या आसपास येतो.

हे उत्तर अनुभवाशी बरेच जुळणारे आहे. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले तरी ते मुंबई-हावडा लोहमार्गावर असून पूर्वीच्या नॅरोगेजमुळे अचलपूर व यवतमाळ या दोन्ही दिशांशी जोडलेले होते. तेथील ग्राहक दोन्ही शहरांकडे जाऊ शकतो. येथपर्यंत सूत्र उपयोगी पडते. परंतु सूत्राला किलोमीटर कळतात, प्रवासाचा वेळ कळत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सुमारे १०५ तासांत टाकून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. अशा कामाने प्रवासाचा वेळ बदलतो, सूत्रातील अंतर मात्र तेवढेच राहते. शिवाय मूर्तिजापूरचा माणूस जिल्हा कचेरीच्या कामासाठी अकोल्यास येतो आणि येताना खरेदीही करून जातो. या प्रशासकीय ओढीलाही सूत्रात जागा नाही.

खरी अडचण याहून मोठी आहे. हाच नियम शहराच्या आत, जुने शहर व पूर्वेकडील बाजार यांना लावला तर अंतर एखाद्या किलोमीटरवर येते आणि सीमाबिंदू पुलावर कोठेतरी पडतो. गणित बरोबर असते, पण उत्तराला अर्थ उरत नाही. कारण पूल ओलांडून जाणारा ग्राहक एका व्यापारक्षेत्रातून दुसऱ्या व्यापारक्षेत्रात जात नसून एकाच बाजाराच्या एका अंगातून दुसऱ्या अंगात जात असतो. लुगडे व सोने पूर्वेकडे, दूध, पीठ व भाजी घराजवळ ही विभागणी वस्तूंच्या स्वरूपामुळे झालेली आहे. वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या केंद्रस्थान सिद्धांतात वस्तूंच्या या श्रेणीचा विचार आहे. रायलीच्या नियमात तो नाही.

आकर्षण गुणक : एक उदाहरण

अमेरिकेत लहान गावांच्या किरकोळ व्यापाराचे मापन मुख्यतः आकर्षण गुणकाने केले जाते. गावातील दरडोई विक्रीला राज्यातील दरडोई विक्रीने भागायचे आणि गावाच्या उत्पन्नपातळीनुसार दुरुस्ती करायची, अशी ही रीत आहे. उत्तर एकापेक्षा जास्त आले तर गाव बाहेरचे ग्राहक खेचते, कमी आले तर गावातील पैसा बाहेर जातो, असा निष्कर्ष निघतो. आयोवा राज्य विद्यापीठातील केनेथ स्टोन यांनी याच प्रकारच्या आकडेवारीच्या आधारे वॉलमार्टच्या आगमनाचा लहान गावांतील दुकानांवर झालेला परिणाम दाखवून दिला. तेथे हे शक्य झाले, कारण विक्रीकर हा राज्याच्या उत्पन्नाचा भाग असून त्याचे विवरण गावनिहाय उपलब्ध असते.

आपल्याकडे असे विवरण नसल्यामुळे संभाव्य मागणीचा अंदाज उपभोगखर्चाच्या पाहणीवरून करावा लागतो. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोगखर्च पाहणीनुसार देशाच्या नागरी भागातील दरडोई मासिक खर्च ६,४५९ रुपये होता व त्यातील ३९.१७ टक्के खर्च अन्नपदार्थांवर होत होता. समजा, जुन्या शहरातील एका वस्तीची लोकसंख्या १०,००० आहे. तर तिची मासिक खर्चक्षमता सुमारे ६.४६ कोटी रुपये व अन्नावरील खर्च सुमारे २.५३ कोटी रुपये येतो. त्या वस्तीतील दुकानांची अन्नपदार्थांची विक्री दीड कोटी रुपये आहे असे मानल्यास गुणक ०.५९ निघेल आणि ४१ टक्के मागणीची ‘गळती’ होत असल्याचा निष्कर्ष काढता येईल.

या सोप्या गणितात निदान तीन दोष आहेत. पहिला दोष सरासरीचा आहे. देशाच्या नागरी सरासरीत मुंबई व बंगळूर येतात, तसेच तालुक्याची गावेही येतात. हमाली, शिलाई किंवा बांधकामावरील मजुरी करणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीस ही सरासरी लावणे म्हणजे तिची क्षमता आधी फुगवणे आणि मग तिला दुबळी ठरवणे होय. दुसरा दोष रेशनसंबंधी आहे. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत मिळते. त्या धान्यापुरती दुकानातील खरेदी कमी होते, पण कुटुंबाचे पोषण किंवा वस्तीचे सामर्थ्य त्यामुळे कमी होत नाही. उपरोक्त पाहणीतही मोफत वस्तूंचे मूल्य धरल्यास नागरी दरडोई खर्च ६,५२१ रुपये होतो. सरासरीत हा फरक ६२ रुपयांचा दिसतो. परंतु ज्या वस्तीत शिधापत्रिकाधारकांचे प्रमाण अधिक, तेथे तो साहजिकच मोठा असणार. तिसरा दोष क्षेत्राच्या निवडीचा आहे. पूर्व तीरावर झालेल्या खरेदीस गळती म्हणावे, तर त्या दुकानांत काम करून मजुरी घरी आणणारे जुन्या शहरातील नोकर व हमाल हे त्याच पैशाचे परतीचे मार्ग आहेत. सीमा पुलावर आखली म्हणून गळती दिसते. ती शहराच्या हद्दीवर आखली तर यातील बरीचशी नाहीशी होते.

याउलट श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडींच्या निमित्ताने राजराजेश्वर मंदिराच्या परिसरात शहरातून व खेड्यापाड्यांतून माणसे येतात. त्या काळातील विक्री मोजली तर हीच वस्ती बाहेरचा ग्राहक खेचणारी ठरेल. मोजणी कोणत्या महिन्यात केली यावर निष्कर्ष उलटत असेल, तर तो गुणक वस्तीविषयी फारसे सांगत नाही असेच म्हणावे लागते.

दुकानांची संख्या म्हणजे सामर्थ्य काय?

विक्रीचे आकडे मिळत नाहीत म्हणून दुकानांची व त्यांतील कामकऱ्यांची संख्या घेऊन स्थाननिष्ठता गुणांक काढण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. एखाद्या भागातील एकूण कामकऱ्यांत किरकोळ व्यापारातील कामकऱ्यांचे प्रमाण राज्यातील प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर तो भाग व्यापारात बलवान मानला जातो. १९७७ पासून झालेल्या आर्थिक गणनांतून अशी माहिती मिळू शकते. २०१३-१४ मधील सहाव्या गणनेत आस्थापनेचा व्यवसाय, मालकी व कामकऱ्यांची संख्या नोंदविण्यात आली. विक्री मात्र विचारण्यात आली नाही.

या गुणांकाचा अर्थ लावताना विशेष सावधगिरी हवी. सूतगिरण्या, जिनिंग-प्रेसिंग व तेलगिरण्या जोरात असताना ज्याला रोजगार मिळाला असता, तो काम न मिळाल्यास पानठेला टाकतो, हातगाडी लावतो किंवा घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचे चार डबे मांडतो. अशा दहा दुकानांनी वस्तीचा गुणांक वाढतो, परंतु ही वाढ व्यापाराच्या भरभराटीची नसून रोजगाराच्या अभावाची खूण असते. तीच गिऱ्हाइके अधिक दुकानांत वाटली जातात व प्रत्येकाचा गल्ला घटतो. वाढती संख्या ही ताकद आहे की लाचारी, हे गुणांक सांगू शकत नाही. त्यासाठी दुकान किती वर्षे टिकले व त्यावर किती माणसांचे पोट भरते, हे विचारावेच लागते.

वर्गीकरणाचीही अडचण आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ठोक व्यापार, किरकोळ व्यापार व सेवा यांचे स्वतंत्र विभाग आहेत. पिठाच्या गिरणीत पुड्यांचा मसाला विकला जातो, शिंपी कापडही विकतो, ठोक व्यापारी दुपारनंतर चिल्लर विक्री करतो. घरी पापड, शेवया व कुरडया करून ओळखीत विकणारी स्त्री तर अनेकदा स्वतःलाही व्यावसायिक म्हणवीत नाही. गणनेस आलेल्या प्रगणकास ती ‘घरकाम’ असे उत्तर देण्याचीच शक्यता अधिक.

आकडे कोठून येणार?

मापनाच्या पद्धतींइतकाच महत्त्वाचा प्रश्न माहितीच्या स्रोताचा आहे. एके काळी जकात नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालाची नोंद होत असे. ती सदोष होती, तिच्यात चोरी व भ्रष्टाचाराला वाव होता आणि व्यापाऱ्यांचा तिला विरोध रास्तही होता. तरीही कोणता माल शहरात किती येतो, याचा तो एक स्थानिक दस्तऐवज होता. राज्यातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली, महानगरपालिकांत तिची जागा टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला.

नव्या करपद्धतीत नोंदणी राज्यनिहाय होते. एका व्यापाऱ्याच्या राज्यातील अनेक दुकानांचे विवरण एकत्र जाते. १ एप्रिल २०१९ पासून वस्तूंच्या व्यापारासाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे ४० लाख रुपये झाली. जुन्या शहरातील छोटे किराणा दुकान, भाजीवाला किंवा बांगड्यांचे दुकान या मर्यादेच्या आतच राहते. म्हणजे ज्या विवरणाच्या आधारे अमेरिकेतील गुणक निघतो, ते येथे वस्तीच्या पातळीवर अस्तित्वातच नाही. याहून दूरगामी गोष्ट ही की, कर रद्द झाल्यामुळे बुडालेल्या उत्पन्नापोटी महानगरपालिकांना ठराविक दराने वाढणारी भरपाई राज्याकडून मिळू लागली. त्यामुळे शहरातील व्यापार वाढला काय किंवा घटला काय, पालिकेच्या तिजोरीवर त्याचा थेट परिणाम होत नाही. आपला बाजार जाणून घेण्याचे जे कारण स्थानिक संस्थेजवळ होते, तेच संपले. या परिणामाची चर्चा फारशी झालेली नाही.

डिजिटल व्यवहारांतून ही उणीव भरून निघेल असा आशावाद व्यक्त होतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर व विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर पानठेल्यावरही भ्रमणध्वनीवरून पैसे दिले जाऊ लागले, हे खरे. परंतु दुकानदाराच्या वैयक्तिक खात्यात जमा झालेली रक्कम विक्रीची आहे, भिशीची आहे की मुलाने पुण्याहून पाठविलेली आहे, हे खाते सांगत नाही. उधारीचा माल तर या नोंदीत महिनाअखेरीस, तोही एकरकमी, उमटतो.

उधारी : मापनाबाहेरचे सामर्थ्य

वरील सर्व पद्धती विक्रीला एकाच क्षणी पूर्ण होणारा व्यवहार मानतात. जुन्या शहरातील किराण्याच्या दुकानात व्यवहार अनेकदा दोन टप्प्यांत होतो. माल आज जातो, पैसा मजुरी हाती आल्यावर येतो. दुकानदार येथे विक्रेता असतो तसा बिनव्याजी सावकारही असतो. तो स्वतः पूर्व तीरावरील ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलतो. म्हणजे पतीची एक साखळी ठोक बाजारापासून मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचते. साखळी दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता कमी दरात माल देऊ शकतो, पण काम बंद असलेल्या आठवड्यात वहीवर लिहून घेऊन माल देत नाही.

या पतीचे मोल संकटकाळी कळते. १३ मे २०२३ च्या रात्री जुने शहर परिसरात हिंसाचार झाला व त्यानंतर निर्बंध लागू झाले. अशा दिवसांत रोजंदारीवरील कुटुंबाची मिळकत थांबते, खर्च थांबत नाही. वार्षिक विक्रीच्या आकड्यात चार-आठ दिवसांची बंदी जवळजवळ दिसत नाही. परंतु त्या दिवसांनंतर दुकानदार कोणाला उधार देतो, कोणाला नाकारतो, आणि एका समाजाचे गिऱ्हाईक दुसऱ्या समाजाच्या दुकानात पूर्ववत जाते की नाही, यावर त्या वस्तीची पुढील आर्थिक वाटचाल ठरते. विश्वासाला तडा गेला असता विक्रीचा आकडा कदाचित तेवढाच राहील, पण बाजाराचे दोन बाजार झालेले असतील. हा बदल एकही प्रचलित गुणक नोंदवीत नाही.

स्थानिक गुणकाची पद्धत या बाबतीत काहीशी सरस आहे. लंडनमधील न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने २००२ मध्ये पुरस्कारलेल्या रीतीत एक रुपया हाती आल्यानंतर तो पुढच्या दोन फेऱ्यांत कोठे खर्च झाला, याचा माग घेतला जातो. किती विकले याऐवजी विकून आलेले कोठे गेले, हा प्रश्न ती विचारते. तथापि उधारी, नातेवाइकांची विनावेतन मदत व घरातील दुकानाचे न द्यावे लागणारे भाडे यांना स्थान दिल्याशिवाय तीही अपुरीच ठरेल.

पर्यायी दिशा

चिकित्सेतून ‘आकडे नकोतच’ असा निष्कर्ष काढणे घातक होईल. आकडे नसले की बँक तारण मागते व विकास आराखड्यात रुंदीकरणाची रेषा दुकानांवरून जाते. त्या वेळी वस्तीजवळ आपली बाजू मांडण्यास काहीच नसते. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. १०,००० लोकवस्तीस हे प्रमाण २५० येते. प्रत्यक्ष सर्वेक्षण नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

पुण्याच्या गोखले संस्थेने १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणही झाले. तयार सूत्राआधी प्रत्यक्ष चौकशी हा त्या परंपरेचा गाभा होता. तोच मार्ग जुन्या शहरासाठी योग्य ठरेल. एका ठराविक रस्त्यावरील दुकानांची दरवर्षी दोनदा, एकदा श्रावणात व एकदा उन्हाळ्यात, नोंद घ्यावी. नवी उघडलेली व बंद पडलेली दुकाने, दुकानाचे वय, त्यावर जगणारी माणसे, माल कोठून येतो, उधारीचे ढोबळ प्रमाण आणि ग्राहक कोणत्या भागातून येतात, एवढे सहा प्रश्न पुरेसे आहेत. विक्रीचा आकडा विचारू नये. तो खरा मिळणार नाही आणि विचारल्याने इतर उत्तरेही बिघडतील. शहरातील महाविद्यालयांच्या वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांना पदवी व पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांतून हे काम सहज हाती घेता येईल. पाच वर्षांत त्यातून असा दस्तऐवज तयार होईल, जो आज शासनाजवळही नाही.

समारोप

गुरुत्व नियम दोन शहरांमधील सीमा ढोबळमानाने दाखवितो, शहराच्या आत तो निरुपयोगी ठरतो. आकर्षण गुणक ज्या विवरणावर उभा आहे ते आपल्याकडे वस्तीच्या पातळीवर उपलब्ध नाही, आणि अंदाजाने काढल्यास तो गरीब वस्तीस अधिक गरीब दाखवितो. स्थाननिष्ठता गुणांक रोजगाराच्या अभावालाही भरभराट समजू शकतो. म्हणून हे गुणक शहर किंवा तालुका या पातळीच्या खाली वापरू नयेत, वापरल्यास त्यांच्या आधारे एखाद्या वस्तीस ‘दुबळी’ अथवा ‘सबळ’ ठरवू नये. जुन्या शहराचे आर्थिक सामर्थ्य विक्रीच्या रकमेपेक्षा तेथील दुकानांच्या टिकाऊपणात, पतीच्या साखळीत आणि पूल ओलांडून जाणाऱ्या-येणाऱ्या पैशात शोधावे लागेल. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत. दरवर्षी त्याच रस्त्यावर जाऊन तेच प्रश्न विचारण्याचे सातत्य मात्र हवे.